घरमालकांची एक अट

लखनौत भाड्याने घर घेताना काय काय विचारलं जातं, याची आम्हाला सवय होती. मांस-मच्छी खाता का, पाहुणे किती येतात, गाडी कुठे लावणार. बाबा बँकेत असल्यामुळे दर तीन-चार वर्षांनी ही उत्तरं द्यावी लागायचीच. निशातगंजच्या घराच्या मालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. वरचा मजला दाखवून झाल्यावर त्यांनी जिन्यातच थांबून विचारलं, "रात्री कोण किती वाजता जेवतं?"

बाबांना वाटलं, पाण्याच्या वेळेशी काही संबंध असेल. त्यांनी सांगितलं, असेच साडेआठ, नऊ, साडेनऊ. ज्याला जसं जमेल तसं.

"म्हणजे एकत्र नाही."

"रविवारी दुपारी बसतो कधी कधी," आई म्हणाली.

घरमालक विचारात पडले. मग म्हणाले, घर तुम्हालाच देतो, मराठी माणसं आहात. मांस शिजवा, मासे शिजवा, माझी हरकत नाही. पण आठवड्यातून तीन दिवस रात्री चौघांनी एकत्र बसून जेवायचं, ही माझी अट. बाबा हसले, आणि घरमालक हसत नाहीत हे बघून थांबले. घर हवेशीर होतं, बाजार जवळ होता आणि आधीच्या घरमालकाने आम्हाला महिनाअखेरीची मुदत दिली होती. बाबांनी हो म्हटलं. जुन्या लोकांचं बोलणं, कोण बघायला येतंय, असं त्यांनी रिक्षात बसल्यावर आईला सांगितलं.

ते बघायला यायचे.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. मूळचे भुसावळकडचे, रेल्वेत सिग्नल खात्यात इंजिनियर होते आणि निवृत्त होऊन इथेच राहिले होते. उंच, बारीक, भर जूनमध्येही पूर्ण बाह्यांचा शर्ट. गळ्यात दोन चष्मे, दोन वेगळ्या दोऱ्यांना बांधलेले. एक वाचायचा आणि एक, त्यांच्या शब्दांत, माणसं बघायचा. ते कधीच बेल वाजवायचे नाहीत. हातातल्या पेन्सिलीने जिन्याच्या जाळीवर तीनदा टकटक करायचे आणि आतून कोणी या म्हणेपर्यंत पाठ करून उभे राहायचे. चाळीस वर्षं इथे काढल्यामुळे त्यांचं मराठी मध्येच हिंदीत शिरायचं आणि वाक्य संपेपर्यंत परत यायचं. "क्या है कि, वहिनी," अशी त्यांची सुरुवात असायची. आईला वहिनी, बाबांना साहेब, मला बेटा. माझ्या भावाला ते भैयासाहेब म्हणायचे आणि त्यात थोडी थट्टा असायची.

राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ते एक कागद घेऊन वर आले. त्यांनी चौघांची वेगवेगळी चौकशी केली. बाबांची शाखा मलिहाबादला, म्हणजे घरी यायला पावणेआठ, आंब्याच्या दिवसांत आठच्या पुढे. आईची कंपनी चिनहटला, तिथून फैजाबाद रोडच्या गर्दीतून सव्वासात. भावाचं स्पर्धा परीक्षेचं कोचिंग आठला सुटायचं, पण त्यानंतर मित्र, मोमो आणि चहा. माझं काम घरूनच चालायचं. इंग्रजी वेबसाइटसाठी मजकूर लिहायचा, खोलीत बसून. जेवणही मी खोलीतच घ्यायचे, लॅपटॉपशेजारी. काकांनी मला वेळ विचारली तेव्हा मी फक्त "कधीही" म्हटलं. त्यांनी माणसं बघायचा चष्मा चढवून माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर माझ्या नावापुढे लिहिलं, 'मोकळी, पण येत नाही'.

त्या कागदावरून त्यांनी मंगळवार, गुरुवार, शनिवार, आठ वाजून पस्तीस मिनिटं अशी वेळ काढली. पस्तीसच का, असं बाबांनी विचारलं. साडेआठ म्हटलं की माणूस पावणेनऊला येतो, असं काका म्हणाले. पस्तीस म्हटलं की त्याला वाटतं यात काहीतरी हिशेब आहे.

पण वेळ ठरवून काही होत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांनी आमच्या टेबलावर चार चमचे मांडले आणि रेल्वेतली एक गोष्ट समजावली. रूळ नीट बसल्याशिवाय गाडीला जा म्हणणारा सिग्नल पडूच शकत नाही, अशी आतून जोडणी असते. माणसावर काही सोडलेलं नसतं. एक दांडी अडली की पुढची सगळी अडतात. "माणूस बोलावून येत नाही, साहेब," ते म्हणाले. "त्याच्याशिवाय अडलं की येतो. तुमच्या घरात कोणाचं कोणाशिवाय अडत नाही, हीच अडचण आहे."

मग त्यांनी जेवण वाटून दिलं. एकट्याकडे पूर्ण जेवण येताच कामा नये. पोळ्या आईकडे, पण कणीक बाबांनी मळायची. वरण-भात माझ्याकडे. कोशिंबीर आणि ताट-पाणी बाबांकडे. दही भावाकडे. कोचिंगहून येताना निशातगंजच्या बाजारातून ताजं आणायचं, फ्रिजमधलं चालणार नाही. मंगळवारी त्याच दह्याची कढी, म्हणजे मग अडणार हे नक्की. हा कागद त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवला.

आईला राग आला होता. दिवसभर ऑफिस करून घरात परक्या माणसाचा कागद का वाचायचा, असं तिने बाबांना ऐकवलं. पण बाबा त्या मंगळवारी खरंच कणीक मळायला बसले. पहिल्यांदा इतकी सैल झाली की पिठाचा अर्धा डबा त्यात गेला, आणि आई त्यांच्या मागे उभी राहून हसताना मी खूप दिवसांनी पाहिली. त्यानंतर ती कागदाबद्दल बोलली नाही.

काका आठ चाळीसला यायचे. पेन्सिलीची टकटक, मग दारात उभं राहणं. आत कधी यायचे नाहीत. चार ताटं मोजायचे, चार माणसं मोजायचे, "चलो, बढिया" म्हणायचे आणि जायचे. आईने पहिल्या दिवशी आग्रह केला, काका, बसा ना दोन घास. "मी देखरेख," ते म्हणाले. नंतरही प्रत्येक वेळी तेच उत्तर. ते स्वतः सात वाजता जेवून घ्यायचे हे आम्हाला माहीत होतं. एका बाईंकडून त्यांचा डबा यायचा आणि तो ते खालच्या व्हरांड्यात, पायरीवर ठेवून, बरेचदा उभ्यानेच संपवायचे.

खाली त्यांचा मुलगा आणि सून राहायचे, त्यांच्याच घरात. मुलाला आम्ही दादा म्हणायचो, सुनेला भाभी, कारण ती इथलीच. सुरुवातीला मला वाटलं होतं की खाली रोज पंगत बसत असेल. तसं नव्हतं हे काकांनीच आईला सांगितलं, जिन्यात, सहज बोलावं तसं. बायको गेल्यापासून खाली तीन माणसं तीन ठिकाणी जेवतात, ते म्हणाले. मुलगा ताट घेऊन खोलीत जातो, सून टीव्हीपुढे बसते, माझा डबा येतो. भांडण नाही, काही नाही. मी कागद तिथेही लावला होता, दोन दिवसांत काढला त्यांनी.

"वहिनी, मला दुसरं काही नको," ते म्हणाले. "मुलाला एकदा समोर टेबलावर बसून जेवताना बघायचंय."

आईने वर येऊन हे आम्हाला सांगितलं. त्या दिवसापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार आमच्या घरात तिने मोडू दिले नाहीत. आम्ही त्यांच्यासाठी जेवत होतो असं म्हटलं तरी चालेल. खाली जमलं नव्हतं, ते वर जमतंय एवढं तरी त्यांना दिसावं.

भाऊ मात्र ऐकणारा नव्हता. पावसाळ्यातल्या एका मंगळवारी तो आलाच नाही. नऊ वाजले. कढीचं बेसन वाटीत तसंच, पोळ्या डब्यात, आम्ही तिघं टेबलाशी. काका दारात. बाबांनी त्यांना विचारलं, तुमच्याकडे खाली दही असेल ना, वाटीभर द्या, आज भागवू. खाली दही आहे, काका म्हणाले, पण मी देणार नाही. दिलं तर सगळी जोडणी गेली. आणि ते दाराला टेकून उभे राहिले.

बसून बसून काय करायचं म्हणून बाबा बोलायला लागले. मलिहाबादचा एक बागवाला रोज शाखेत येतो, त्याचं काम असो नसो, आणि प्रत्येक टेबलावर जाऊन दशहरी आंबा हुंगून कसा ओळखायचा ते शिकवतो. कॅशियरने त्याला एकदा बाहेरचा आंबा मलिहाबादचा म्हणून दिला होता. त्याने तो हुंगला, काउंटरवर ठेवला आणि तीन दिवस शाखेत आला नाही. तिसऱ्या दिवशी मॅनेजर त्याच्या घरी गेले. मी ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकत होते, आणि बाबा या शाखेत येऊन दोन वर्षं झाली होती. मग मीही काहीतरी बोलले. एका वेबसाइटसाठी मला गाद्यांवर चाळीस लेख लिहायचे होते आणि मी एकाही गादीवर बसून पाहिलं नव्हतं. आई हसली. काका दारातून म्हणाले, "बेटा, माझ्या पलंगावरच्या गादीवर लिही, ती मी सर्व्हिसला लागल्यापासून आहे."

नऊ वीसला भाऊ आला. टेबलाशी तिघं आणि दारात काका बघून त्याचा चेहरा उतरला. "अरे, खा लेते आप लोग," तो म्हणाला. आईने फक्त बेसनाच्या वाटीकडे पाहिलं. तो तसाच मागे वळून दही आणायला गेला. त्यानंतरही तो उशिरा यायचा, पण दही घेऊन यायचा.

ही सगळी हकीकत मी गच्चीवर कपडे वाळत घालताना भाभीला सांगितली. मी सहसा कोणाशी आपणहून बोलत नाही. पण भाभीबरोबर दोरीच्या दोन टोकांना उभं राहून बोलायची मला हळूहळू सवय झाली होती. एकमेकींकडे बघावं लागायचं नाही. मी तिला काकांचं जिन्यातलं बोलणंही सांगितलं. सांगायला नको होतं असं लगेच वाटलं.

भाभीने चादर पिळली, झटकली. म्हणाली, पापाजी, म्हणजे काका, टेबलाशी बोलावलं की येतात, पण उभे राहतात. भाजी कमी घेतली, पाणी आधी का प्यायलं, पोळी अशी का मोडली. दादांना ते सहन होत नाही. दादांच्या लहानपणीही तसंच होतं. ताटं मांडून होईपर्यंत काका मागे लागलेले, मग रेल्वेच्या कंट्रोल रूमचा फोन यायचा आणि ते निघून जायचे. परत आल्यावर ओट्याशी उभे राहून जेवायचे. सासूबाई होत्या तोपर्यंत त्यांच्यासाठी दादा टेबलावर बसायचे.

"इनको याद ही नहीं कि पापाजी कभी बैठे हों साथ में," भाभी म्हणाली. "और उनको लगता है बेटा नहीं बैठता."

मी चिमटे लावत राहिले. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या स्वयंपाकघराच्या दारावरचा कागद होता. चौघांची नावं, चौघांची कामं. भाभीने सांगितलं की खाली लावलेला कागदही तसाच होता, फक्त नावं दोन. पोळ्या तिच्याकडे, भाजी दादांकडे. काकांनी स्वतःचं नाव घातलंच नव्हतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे रूळ जोडले होते. आपण त्या जोडणीत असतो हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. मी हे असं भाभीला म्हणू शकले नाही. एवढंच म्हटलं, "भाभी, उनको कुछ काम दे दो न. ऐसा कुछ, जो वो नहीं करें तो आप लोग खा ही न सकें."

ती हसली. मग म्हणाली, देखते हैं.

पंधरा दिवसांनी ती वर आली. येत्या बुधवारपासून खालच्या भाताचा कुकर पापाजींकडे दिलाय, म्हणाली. दादांना तिने कसं तयार केलं ते मला माहीत नाही. काकांनी तीन वेळा नाही म्हटलं, मी देखरेख करीन म्हणाले, मग शिट्ट्या किती करायच्या ते विचारलं. भाभीला एकच भीती होती. "दोनों चुप बैठे रहेंगे. तुम भी आ जाना, प्लीज. कोई बात करने वाला तो हो."

गप्पा मारायला माझी निवड करणारी ती आजवरची एकच व्यक्ती असेल. आईने माझ्या हातात कोशिंबिरीची वाटी दिली आणि मला जवळजवळ ढकललंच.

खालच्या टेबलावर नेहमी वर्तमानपत्रांचे गठ्ठे असायचे. ते जमिनीवर ठेवले होते. चार खुर्च्या, चार ताटं. दादा बसले होते, भाभीने मला त्यांच्यासमोर बसवलं. काका कुकर घेऊन आले आणि उभ्यानेच भात वाढू लागले. आधी दादांना, मग भाभीला, मग मला. भात वाढून त्यांनी कुकर बाजूला ठेवला, माणसं बघायचा चष्मा चढवला आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले.

"चला, सुरू करा," ते म्हणाले. "वरण आधी घे, गार होतंय."

दादांनी हात ताटाला लावला नाही. ते माझ्या वडिलांपेक्षा फार लहान नसतील, पण त्या वेळी ते खुर्चीत शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले होते.

"बाबा, बसा."

"मी नंतर. तुम्ही घ्या."

"मग आम्हीपण नंतर," दादा म्हणाले.

ते रागाने बोलले नव्हते. काका भाभीकडे बघायला लागले, मग माझ्याकडे. मी बोलायला आले होते. मी कोशिंबिरीतल्या काकडीच्या फोडी मोजल्या. भातावरची वाफ कमी होत गेली. बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. चार-पाच वेळा तो आवाज आला आणि बंद झाला. दादांचे दोन्ही हात मांडीवर होते.

शेवटी काकांनी चौथी खुर्ची ओढली. अगदी कडेवर बसले, लगेच उठायचं असल्यासारखे. त्यांच्या ताटात भात वाढायचा राहिला होता. दादांनी कुकर जवळ घेतला आणि वाढला. मग चौघांनी सुरुवात केली.

पहिली काही मिनिटं फक्त जेवणाचा आवाज होता. काका मान खाली घालून भराभर जेवत होते. एकदा त्यांची नजर दादांच्या ताटाकडे गेली, तोंड उघडलं आणि मिटलं. भाताला ते काही म्हणतील असं मला वाटलं, कारण तो गिचका झाला होता. तेही नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुझं ऑफिस आता कुठंय?"

भाभीचा हात थांबला. माझी आई किती वाजता सुटते, कुठल्या चौकात अडकते, हे काकांना तोंडपाठ होतं.

"चिनहटला," दादा म्हणाले. "चार वर्षं झाली."

"अच्छा. मग तुलाही फैजाबाद रोडनेच यावं लागतं."

"रोज."

"गर्दी असते."

"खूप," दादा म्हणाले, आणि त्यांनी परत भात घेतला. मग आपणहून सांगायला लागले. त्यांच्या कंपनीची बस बंद झाली होती, साहेब नवा आला होता, तो जेवणाची सुट्टी अर्धाच तास देतो. काका ऐकत होते. एकदा त्यांनी मध्येच विचारलं, साहेब कुठला, आणि दादा म्हणाले कानपूरचा. मी भाभीकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच सांगितलं, गप्प बस. गप्प बसणं मला येत होतंच.

काकांचं जेवण सगळ्यांच्या आधी झालं. ताटात काही उरलं नव्हतं. दादा अजून बोलत होते. काकांनी खुर्ची मागे सरकवली नाही की घड्याळ पाहिलं नाही. टेबलावर उष्टा हात तसाच ठेवून ते बसून राहिले, आणि दादांचं सांगून होईपर्यंत तो हात पूर्ण वाळला होता.